आधी पोटोबा, मग शहर: कुटुंबासोबतच्या शनिवार-रविवारच्या शहरफेरीचं नियोजन

शनिवार-रविवार म्हणजे ४८ तास, हा कॅलेंडरचा हिशोब. आपला हिशोब वेगळा असतो. शनिवारी सकाळी साडेनऊला सगळे एकदाचे खोलीबाहेर पडले, रात्री नऊला परतले आणि रविवारी पुन्हा साडेनऊ ते दुपारी चार फिरले, तरी होतात १८ तास. त्यातले पाचेक तास खाण्यात आणि टेकण्यात जातात, तीनेक तास इकडून तिकडे जाण्यात. उरतात दहा. या दहा तासांत कुठलंही शहर बघून होत नाही, आणि व्हायला हवं असंही नाही.

बहुतेक बेत प्रेक्षणीय स्थळांच्या यादीपासून सुरू होतात. यादी बनते, नकाशावर खुणा होतात आणि मधल्या फटींत ‘कुठेतरी जेवू’ कोंबलं जातं. मला हा क्रमच उलटा वाटतो. एखादं स्मारक राहून गेलं म्हणून कुटुंबाची सहल बिघडत नाही. ती बिघडते दुपारी अडीचला, पोटात कावळे ओरडत असताना, चौथ्या हॉटेलच्या दारात. म्हणून जेवणं आधी ठरवायची, त्यांच्या आजूबाजूला भटकंती बसवायची आणि खरेदीला तिची स्वतःची वेळ द्यायची. खालच्या पायऱ्या त्याच हिशोबाने लावल्या आहेत.

१. अंतर दारापासून दारापर्यंत मोजा

सव्वा तासाचं विमान कागदावर भुरळ पाडतं. पण घरून विमानतळ एक तास, उड्डाणाआधी दीड-दोन तास, उतरल्यावर सामान आणि टॅक्सीची रांग अर्धा-पाऊण तास, तिथून शहरात पोचायला आणखी एक. झाले साडेपाच-सहा तास. चार तासांची रेल्वे शहराच्या मध्यावर उतरवत असेल तर तीच बरी. शिवाय लहान मुलांना डब्यात फिरता येतं, ही सोय तिकिटावर छापलेली नसते. दोन दिवसांसाठी माझी मर्यादा एका बाजूने चार, फार तर पाच तास. त्याहून लांबचं शहर जोडून सुट्टी येईल तेव्हासाठी राखून ठेवा.

जमलं तर शुक्रवारी रात्रीच पोचा. शनिवारची सकाळ ही अख्ख्या सहलीतली सगळ्यात ताजी वेळ असते आणि ती प्रवासात घालवणं जिवावर येतं. शनिवारी सकाळीच पोचणार असाल तर बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही, हे धरून चाला. बॅगा रिसेप्शनवर ठेवायच्या आणि दिवसाला लागणाऱ्या गोष्टी (औषधं, मुलाचे जादा कपडे, चार्जर) आधीच एका वेगळ्या पिशवीत काढलेल्या असायच्या. नाहीतर रिसेप्शनसमोर जमिनीवर बॅग उघडून बसायची वेळ येते.

२. तिकीट काढण्याआधी वार तपासा

ही पायरी लोक सर्रास गाळतात. शहर तेच असलं तरी कुठल्या वारी जाता त्यावर अर्धा बेत ठरतो.

मुळात शनिवार-रविवार ही आठवडासुट्टी सगळीकडे नाही. सौदी अरेबियात २०१३ पासून शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ च्या जानेवारीपासून शनिवार-रविवार स्वीकारला आणि शुक्रवार अर्धा दिवस ठेवला. संग्रहालयांची तऱ्हा आणखी वेगळी. सोमवारी बंद राहणारी सगळ्यात जास्त, पण पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद असतं, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन बुधवारी, हैदराबादचं सालारजंग आणि आग्र्याचा ताजमहाल शुक्रवारी. शुक्रवार किंवा सोमवार जोडून सहल लांबवणाऱ्यांना यातले वार बरोबर आडवे येतात.

खरा घोळ मात्र रविवारी होतो. जर्मनीत काही अपवाद सोडले तर रविवारी दुकानं बंद. इस्तंबूलचा ग्रँड बाझार रविवारी बंद. बार्सिलोनाची बोकेरिया ही खाण्याची प्रसिद्ध मंडईसुद्धा रविवारी बंद. उलट बँकॉकचा चातुचाक बाजार भरतो तोच मुळी शनिवार-रविवारी. त्यामुळे शहर ठरवण्याआधी तीन गोष्टी शोधा: बाजार कुठल्या वारी बंद, मुख्य संग्रहालय कुठल्या वारी बंद, आणि त्या शनिवार-रविवारी एखादी मोठी शर्यत, मिरवणूक किंवा सामना आहे का. रस्ते बंद झाले की हॉटेलपर्यंत टॅक्सीही येत नाही.

वारामुळे फुकटचा फायदाही पदरात पडतो. बोगोटामध्ये १९७० च्या दशकापासून दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन शंभरावर किलोमीटर रस्ते गाड्यांना बंद करून सायकली आणि पायी फिरणाऱ्यांना मोकळे करतात. लहान प्रमाणात असं कितीतरी शहरांत होतं, आणि सहा वर्षांच्या मुलाला रिकाम्या हमरस्त्यावर पळायला मिळणं हे कुठल्याही तिकिटाच्या खेळापेक्षा भारी असतं. फुकट प्रवेशाच्या दिवसांबद्दल मात्र मी जरा सावध असतो. इटलीतली सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात आणि त्या दिवशी गर्दीही तशीच असते. दोन दिवसांच्या सहलीत तिकिटाचे पैसे वाचवून रांगेत दीड तास घालवणं हा तोट्याचा व्यवहार आहे.

३. मुक्काम: दुपारी परत येता येईल असा

खोलीच्या फोटोंपेक्षा नकाशा बघा. शनिवारी दुपारी जेवणानंतर तासभर पाठ टेकायला परत येता येईल इतकं हॉटेल जवळ असलं पाहिजे, कारण लहान मूल आणि आजी-आजोबा दोघांचीही संध्याकाळ त्या एका तासावर उभी असते. शहराच्या कडेला स्वस्तात मिळणारी मोठी खोली दोन दिवसांत रोजच्या येण्याजाण्यातच आपली किंमत वसूल करून घेते.

आरक्षण करताना विचारायचे प्रश्न मोजके आहेत: जादा पलंग खरंच मिळतो की सोफ्यावर भागवावं लागतं, लिफ्ट सगळ्या मजल्यांना आहे का, खोली सोडल्यावर संध्याकाळपर्यंत सामान ठेवता येतं का, सगळ्यात जवळचं मेट्रो किंवा बसचं ठिकाण किती मिनिटांवर आहे. अभिप्राय वाचताना पाच ताऱ्यांचे सोडून दोन-तीन ताऱ्यांचे वाचा. रात्रीचा आवाज, गरम पाणी, ढेकूण ही माहिती तिथेच सापडते.

४. जेवणाचा सांगाडा उभा करा

कागदावर फक्त खाण्याच्या वेळा लिहा: शनिवारचा नाश्ता, दुपारचं जेवण, चारचं काहीतरी, रात्रीचं जेवण, रविवारचा नाश्ता आणि दुपारचं जेवण. सहा जागा. आता त्या भरायच्या.

यातली एकच जागा ‘खास’ ठेवा, जिथे आधी टेबल राखून ठेवायचं. ती शक्यतो शनिवारची दुपार असू द्या. त्याच स्वयंपाकघराचं दुपारचं जेवण बऱ्याचदा रात्रीपेक्षा स्वस्त असतं, टेबल सहज मिळतं आणि मुलं जागी असतात. रात्री साडेआठला नावाजलेल्या ठिकाणी गेलात तर पदार्थ टेबलावर येईपर्यंत धाकटा मांडीवर झोपलेला असतो आणि त्याची आई एका हाताने जेवत असते.

एक जागा खाऊगल्लीला किंवा मंडईला द्या. इथली चूक ठरलेली: आधी जेवतात आणि मग ‘थोडं चाखायला’ जातात. तसं नको. चाखणं हेच जेवण समजा. एका वेळी एकच प्लेट घ्यायची, ती तिघांत वाटायची आणि पुढच्या टपरीकडे सरकायचं. पाच ठिकाणी असं केलं की सगळ्यांची पोटं भरतात आणि एखादा पदार्थ आवडला नाही तरी कोणाला जड जात नाही. टपरी निवडताना गर्दीपेक्षा उलाढाल बघा: माल संपतोय आणि नवा कढईत पडतोय का? डोळ्यांदेखत शिजलेलं, वाफाळतं खाल्लेलं बरं. चिरून ठेवलेली फळं आणि बर्फ लहान मुलांसाठी टाळलेला उत्तम.

उरलेल्या जागांसाठी प्रत्येक परिसरात दोन साधी ठिकाणं नकाशावर जतन करून ठेवा, त्यातलं एक सगळं मिळणारं आणि पटकन मिळणारं. उघडण्याच्या वेळा वेगळ्या तपासा. कितीतरी ठिकाणी दार दिवसभर उघडं असतं, पण दुपारी तीन ते संध्याकाळी सहा-सातपर्यंत स्वयंपाकघर बंद असतं आणि फक्त चहा-कॉफी मिळते. म्हणून गर्दीच्या अर्धा-पाऊण तास आधी, बारा-सव्वाबाराला जेवायला बसा. टेबलही मिळतं आणि चिडचिडही होत नाही.

घरात कुणाला दाण्यांची, दुधाची, माशांची अॅलर्जी असेल तर ते स्थानिक भाषेत लिहून फोनवर चित्र म्हणून ठेवा आणि वेटरला दाखवा. तोंडी भाषांतरावर विसंबू नका. आणि पिशवीत अर्धा-पाऊण तास तग धरता येईल इतका कोरडा खाऊ कायम असू द्या.

५. अर्ध्या दिवसाला एक परिसर

आता जेवणाच्या जागा नकाशावर दिसतायत. प्रत्येकीभोवती चालत जाता येईल असं, दीडेक किलोमीटरचं वर्तुळ कल्पा आणि त्यात जे येईल तेवढंच त्या अर्ध्या दिवसाचं. बाहेर कितीही प्रसिद्ध काही असलं तरी ते या वेळचं नाही. ऐकायला कठोर वाटतं, पण ‘इथून फक्त वीस मिनिटं आहे’ या वाक्याने जितके दिवस खाल्लेत तितके पावसानेही खाल्ले नसतील. नकाशावरची चालण्याची वेळ धडधाकट मोठ्या माणसाची असते. सहा वर्षांचं मूल किंवा गुडघे दुखणारी आजी सोबत असेल तर ती दीडपट धरा.

दिवसाला ठरलेल्या वेळेच्या तिकिटाची एकच गोष्ट. संग्रहालय असेल तर दीड तास पुष्कळ झाला. संग्रहालयात पाय का भरून येतात हा प्रश्न जुना आहे: बोस्टनच्या ललित कला संग्रहालयातल्या बेंजामिन आइव्ज गिलमन यांनी १९१६ साली एका माणसाचे कपाटांसमोर वाकताना, उकिडवं बसताना, मान ताणताना फोटो काढून दाखवले होते की थकव्याचं मोठं कारण मांडणीतच आहे. मोठ्यांची ही गत, तर ज्याचे डोळे काचेच्या खालच्या कडेपर्यंतच पोचतात त्याचं काय होत असेल? आत जाण्याआधी प्रत्येकाने एक वस्तू निवडायची, आधी त्या शोधायच्या आणि मग वेळ उरला तर बाकीचं.

एक शनिवार मांडून दाखवतो. समजा आजी, आई-बाबा, तेरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. साडेनऊला जुन्या शहरात, संग्रहालय उघडतानाच आत. अकराला बाहेर, समोरच्या बागेत अर्धा तास. मुलगा पळतो, आजी बाकावर बसते, मुलगी फोटो काढते. चालत बाजारपेठेत, नुसती नजर टाकायला, पिशव्या नाहीत. सव्वाबाराला राखून ठेवलेल्या टेबलावर. दोनला हॉटेलवर, साडेतीनपर्यंत विश्रांती. त्यानंतर दोन गट: आई आणि मुलगी खरेदीला, बाबा आणि मुलगा विज्ञान केंद्रात, आजीला वाटेल त्या गटात किंवा खोलीवर. सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी सगळे एखाद्या उंच जागी, म्हणजे एकाच तिकिटात उजेडातलं शहरही दिसतं आणि दिव्यांतलंही. साडेसातला खाऊगल्ली, नऊला खोलीत. यात बघितलेल्या जागा मोजल्या तर तीन भरतात. दिवस मात्र गच्च भरलेला असतो.

६. मुलांचं आणि मोठ्यांचं

‘मुलांसाठीचं ठिकाण’ शोधताना मोठमोठ्या खेळनगऱ्यांकडे नजर जाते. तिथे अख्खा दिवस लागतो, म्हणजे दहापैकी सहा-सात तास गेले. त्या करायच्या तर तेवढंच करायला जा. शहर बघायचं असेल तर नदीतली फेरीबोट, ट्राम, केबल कार, कारंजी, पुढच्या सीटवरून दिसणारी मेट्रो पुरे. मुलांना प्रवास हाच खेळ असतो, आणि आजीला तेवढ्या वेळात बसायला मिळतं. प्राणिसंग्रहालय, तारांगण, विज्ञान केंद्र यांच्या वेळा आधी बघा. प्राण्यांना खायला घालण्याची किंवा खेळ सुरू होण्याची वेळ चुकली तर निम्मी मजा गेली.

किशोरवयीन मुलांना एक अर्धा दिवस ठरवायला देऊन टाका: परिसर, खाणं, वाहतूक, सगळं. त्यात आपण लुडबूड करायची नाही.

गर्दीसाठी दोन सवयी. सकाळी निघताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढायचा. हरवलंच तर घाबरलेल्या डोक्याने शर्टाचा रंग आठवत बसावं लागत नाही. आणि त्याच्या खिशात पालकाचा फोन नंबर व हॉटेलचं नाव लिहिलेली चिठ्ठी. मोठ्यांसाठी स्वच्छतागृहं आणि लिफ्ट असलेली मेट्रोची दारं नकाशावर आधीच हेरून ठेवा. बाबागाडीलाही तीच लागतात.

पावसाचा बेत वेगळा आखू नका. प्रत्येक अर्ध्या दिवसाच्या वर्तुळात छप्पर असलेली एक जागा असली की झालं.

७. खरेदी: आधी नजर, मग पाकीट

खरेदीवरून सहलीत जितके वाद होतात तितके दुसऱ्या कशावरून होत नसावेत, कारण ती ‘जाता जाता’ केली जाते. एक जण आत रंग निवडतोय आणि चौघं बाहेर फुटपाथवर उभे. यावर उपाय दोन फेऱ्या. पहिली शनिवारी सकाळी सगळ्यांसोबत, फक्त बघायला, भावाचा अंदाज घ्यायला, आवडलेल्या वस्तूचा आणि दुकानाच्या पाटीचा फोटो काढायला. दुसरी दुपारी, ज्यांना खरंच घ्यायचंय त्यांचीच, ठरलेल्या दीड-दोन तासांची. मधल्या जेवणात अर्धे मोह आपोआप गळतात.

दुकानं बहुतेक ठिकाणी दहा-अकराशिवाय उघडत नाहीत, त्यामुळे लवकरची सकाळ खरेदीला निरुपयोगी. घाऊक बाजारपेठा कितीतरी शहरांत रविवारी बंद असतात, म्हणून शनिवार.

घरून निघताना यादीसोबत मापं न्या: पडद्याची लांबी, टेबलाची रुंदी, भाचीच्या पावलाचा कागदावर काढलेला ठसा. परगावी घेतलेली वस्तू बदलायला परत जाता येत नाही, म्हणून मापाचं आणि विजेवर चालणारं काही घेताना दुकानातच घालून, लावून बघा. जी वस्तू आपल्या शहरात किंवा ऑनलाइन त्याच भावात मिळते ती तिथून उचलून आणण्यात अर्थ नाही. हातमाग, कुंभारकाम, कोरडे मसाले, स्थानिक छपाईची पुस्तकं, कारागिराने समोर बनवलेलं काही, यावर खर्च करा. मुलांना खर्चायला ठरावीक रक्कम हातात द्या आणि नंतर ‘हे काय घेतलंस’ म्हणू नका.

एक घडीची रिकामी पिशवी बॅगेच्या तळाशी हवीच. विमानाने परतणार असाल तर लोणची, मध, अत्तर, जॅम हे सगळं द्रवात मोजतात. बहुतेक आंतरराष्ट्रीय विमानतळांवर हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही. ते मोठ्या बॅगेत जाईल. पॉवर बँक याच्या नेमकी उलट: ती हातातच ठेवावी लागते, आणि १०० वॉट-तासांपर्यंत साधारणपणे वेगळी परवानगी लागत नाही. नेहमीची २०,००० मिलीअँपिअर-तासांची बँक ७४ वॉट-तासांच्या आसपास भरते.

परदेशात पर्यटकांना खरेदीवरचा कर परत मिळत असेल तर पावती करताना पासपोर्ट दाखवून फॉर्म तिथेच घ्या. वस्तू विमानतळावर तपासायला मागू शकतात, तेव्हा ती खोल गाडू नका. कार्ड यंत्राने ‘तुमच्या चलनात की इथल्या?’ असं विचारलं तर इथल्या म्हणा. आपल्या चलनाचा पर्याय सोयीचा दिसतो, पण त्यातला विनिमय दर बहुतेक वेळा महाग पडतो.

८. पास घेण्याआधी बेरीज करा

शहराचा पर्यटन-पास घेतला की सगळं स्वस्त होतं, हा समज आहे. आपल्या बेतात तिकिटाच्या गोष्टी मोजक्याच आहेत. त्यांची बेरीज करा आणि पासच्या किमतीशी ताडून बघा. बऱ्याचदा पास हरतो, आणि घेतलाच तर ‘वसूल करायला’ पळापळ सुरू होते. प्रवासाच्या पासचं वेगळं. तो उपयोगी पडतो, फक्त तो २४ तासांचा आहे की त्या तारखेच्या मध्यरात्रीपर्यंतचा, हे वाचून घ्या. शनिवारी दुपारी दोनला सुरू केलेला २४ तासांचा पास रविवारच्या सकाळीही चालतो. तारखेचा चालत नाही. मुलांची सवलत कुठे वयावर असते, कुठे उंचीवर.

९. रविवार उलटा आखा

परतीच्या गाडीची वेळ लिहा आणि मागे मोजत या. सहाची गाडी, म्हणजे सव्वापाचला स्टेशनवर, साडेचारला हॉटेलवर बॅगा घ्यायला. म्हणजे शेवटचा परिसर हॉटेल आणि स्टेशन यांच्या मधला हवा. खोली अकरा-बारापर्यंत सोडावी लागते, त्यामुळे पॅकिंग शनिवारी रात्रीच. सकाळी फक्त ब्रश आणि चार्जर उरले पाहिजेत. बाहेर नाश्ता करायचा तर याच सकाळी, सावकाश. दुपारचं जेवण साधं, ओळखीचं, लवकर. प्रवासात पोट बिघडलेलं मूल सांभाळण्यापेक्षा एक नवा पदार्थ राहून गेलेला चालेल. गाडीतलं रात्रीचं खाणंही याच जेवणाच्या वेळी बांधून घ्या.

बॅगा रिसेप्शनवर ठेवल्यावर मिळणारी चकती किंवा पावती घेतल्या घेतल्या तिचा फोटो काढा आणि दोघांच्या फोनवर ठेवा. ती ज्याच्या पाकिटात असते, नेमका तोच त्या वेळी कुठल्यातरी दुकानात असतो.